लिनसाहेबांची अर्धी धून

"अंकल, बाबा सकाळी उठलेच नाहीत..." समोरच्या फ्लॅटमधल्या मेईने दार वाजवून सांगितले, तेव्हा तिच्या वडिलांच्या अर्जाचाच खुलासा मी लिहीत होतो. त्याला आता दीड महिना झाला.

इथे अमेरिकेत, आयसेलिन गावातल्या एका ट्रॅव्हल एजंटच्या दुकानात टेबल टाकून मी कित्येक वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आहे. शिक्षण नववीपर्यंत, परंतु माझ्या मजकुराला वजन असते, हे इथले पदवीधरही मान्य करतात.

मेईचे वडील, लिनसाहेब, रोज सकाळी सात तारांचे आडवे चिनी वाद्य वाजवत. धून एकच, वाळूवर उतरणाऱ्या पक्ष्यांची, शेकडो वर्षांपूर्वीची. तिची रूपे मात्र जितके गुरू तितकी. असे का, म्हणून विचारले तर त्यांनी वही दाखवली. कोणती तार, कोणते बोट, कुठे दाबायचे, सारे लिहिलेले. किती थांबायचे, ते कुठेच नाही! ते गुरूसमोर बसूनच घ्यायचे. वडिलांकडून त्यांना अर्धीच धून मिळाली. उरलेली चीनमधल्या थोरल्या बहिणीपाशी. तीही आता थकलेली. फोनवर शिकू पाहिले, पण विरत जाणारा सूर फोन मध्येच कापून टाकी.

कायम वास्तव्यासाठी त्यांचा अर्ज मीच केला होता. निकालाआधी परवानगीवाचून देश सोडला, तर तो अर्ज बाद. म्हणून प्रवासाच्या परवानगीचा दुसरा अर्ज लिहायला बसलो. पत्नी म्हणाली, "अहो, साधं लिहा की! बहिणीला भेटायचंय त्यांना, राज्याभिषेक नाही करून घ्यायचा."

मी ऐकले नाही. 'धुनेचा उर्वरित भाग आत्मसात करणे अत्यावश्यक' असे ठासून लिहिले. कार्यालयाचे पत्र आले : पहिल्या अर्जात आपण यांना 'या धुनेच्या एकमेव अस्सल रूपाचे संपूर्ण ज्ञाते' म्हटले आहे. खरे काय, ते पुराव्यानिशी कळवावे.

दोन्ही वाक्ये माझीच. पहिले मागे घ्यावे तर वास्तव्य धोक्यात. दुसरे मागे घ्यावे तर जाण्याचे कारणच उरत नाही. लिनसाहेब एवढेच म्हणाले, "एकमेव? बहिणीला सांगू नका, हसत सुटेल ती!"

त्यांच्या दाराशी भरलेली बॅग होती. मी खुलाशामागून खुलासे धाडत राहिलो. थंडी पडली, तसा त्यांनी त्याच बॅगेतून स्वेटर काढून अंगात घातला. सकाळची धून अर्ध्यावर येई आणि थांबे. माझ्या दाराच्या अलीकडे मीही थांबे.

मेई परवा म्हणाली, "अंकल, ऑफिसला कळवून टाका ना, प्लीज. जस्ट वन लाइन." ती ओळ मला काल जमली. 'अर्जदार निवर्तले. त्यांना धून अर्धीच येत होती आणि बहिणीकडे जायचे होते.' विशेषण एकही नाही.

खाली अर्जदाराच्या सहीसाठी जागा सोडली, पेन घेतले आणि सवयीने समोरच्या दारापर्यंत गेलो.