प्रेस मशीनवरचा लाल पंजा

ग्राफिक डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला मी एक पंजा काढला होता. लाल गोलात पांढरा, बोटं सरळ, खाली एकही शब्द नाही. निघोज्याजवळच्या एका छोट्या कारखान्यात पत्र्याचे भाग दाबून काढणारी प्रेस मशिनं होती. तिथं कुणी मराठी वाचणारं, कुणी हिंदी, कुणी उडिया. म्हणून धोक्याच्या पाट्या शब्दांवाचून कळाव्यात, असा माझा प्रकल्प होता. ‘इथे हात घालू नका’, एवढंच त्या पंजानं सांगायचं होतं. कॉलेजातल्या सरांना तो फार आवडला. त्यांनी तो भिंतीवर लावला, आणि मी आठवडाभर त्या भिंतीपाशी उगाचच रेंगाळत होते.

कारखान्यानं एका मशीनवर स्टिकर लावून बघायची परवानगी दिली. मी मशीनच्या तोंडाशी असलेल्या संरक्षक जाळीवर दोन लावले, एक डावीकडे, एक उजवीकडे. कारण काय, तर तसे छान दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला मी फोटो काढायला गेले. नव्यानंच कामाला लागलेली एक मुलगी त्या मशीनसमोर उभी होती. तिनं पत्रा आत ठेवला, जाळी ओढून घेतली आणि माझ्या दोन्ही पंजांवर आपले तळहात नीट टेकवले. काहीच झालं नाही. तिनं जोर लावून दाबलं. मग शेजारच्या मशीनवरच्या बाईंना ओरडून विचारलं, “मावशी, हात तर ठेवलेत! चालू का होईना?”

प्रेस मशीन चालवायला दोन बटणं दोन तळहातांनी एकदम दाबावी लागतात, म्हणजे वरचा भाग खाली येताना हात आत राहत नाहीत. हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं. माझा पंजा तिला ‘हात इथे ठेव’ असंच सांगत होता.

जाळी होती म्हणून निभावलं. मी तिथंच नखांनी स्टिकर खरवडायला लागले.

“आगं, नखं तुटतील,” मावशी म्हणाल्या आणि थिनरमध्ये बुडवलेलं फडकं घेऊन आल्या. त्या निघोज्याच्याच होत्या, बरीच वर्षं प्रेसवर काम करत होत्या. पुसता पुसता म्हणाल्या, “चित्र चांगलं हाय. पर आमाला इचारलं व्हतंस का?”

“नाही.”

“मग आता इचार.”

जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, “हात आत जातो तरी कधी?”

“बटण दाबताना न्हाई जात. तुकडा अडकला की जातो. त्यो काढायचा चिमटा कुठंतरी पडल्याला असतो, मागनं घाई चाललेली असती. मग वाटतं, एवढं तर हाय, काढू हातानंच.”

त्यांनी डब्याचं झाकण मशीन म्हणून पुढं ठेवलं, त्यावर भाकरीचा तुकडा ठेवला आणि तो हात कसा जातो ते करून दाखवलं. मी मोबाइलवर चित्रण केलं. थेरगावला घरी येऊन ते पुन्हा पुन्हा पाहिलं. हात पुढं जायच्या आधी त्यांचा उजवा खांदा किंचित खाली येत होता, आणि नजर चिमटा शोधत बाजूला जात होती. पाटी जाळीवर नव्हे, त्या नजरेच्या टप्प्यात हवी होती. खरं तर पाटीसुद्धा नको होती. मावशींनी आणि मी मशीनच्या उजव्या अंगाला एक हूक बसवला आणि त्यामागे चिमट्याचा आकार पिवळ्या रंगात रंगवला. चिमटा जागेवर नसला की तो पिवळा आकार रिकामा दिसे, आणि बायका आधी चिमटा शोधत.

सर स्वतः बघायला आले. हुकावरचा चिमटा काढून पाहिला, परत लावला. “हे ग्राफिक डिझाइनमध्ये बसतं का गं?”

“माहीत नाही, सर.”

“मलाही नाही. पण तुझ्या पंजावर मीसुद्धा हात ठेवला असता,” ते म्हणाले.

हे सगळं मी पप्पांना सांगितलं. त्यांचीही सगळी नोकरी वर्कशॉपमध्येच झाली. त्यांनी विचारलं, “मशिनांच्या तेवढ्या आवाजात त्या बायका एकमेकींशी बोलतात कशा, ते बघितलंस का?” आणि जेवणाचं ताट बाजूला सारून त्यांनी मूठ कपाळाला लावली. “साहेब आले.” मग दोन बोटं ओठांपाशी नेली. “चहा.” मनगट फिरवलं. “डाय बदलायचीय, मशीनमधला साचा.” आमच्या घरात एक अख्खी भाषा होती आणि मी कधी विचारलंच नव्हतं.

त्या खुणा टिपायच्या म्हणून मी कॅमेरा नीट शिकले, मग एडिटिंग, मग आवाज. कारखान्यातल्या मावशींच्या लाइनवरच्या खुणांची एक छोटी फिल्म केली. ती एका नाटकवाल्यानं पाहिली आणि मला नेपथ्याला बोलावलं. पुढे एका दवाखान्यासाठी दिशादर्शक पाट्या केल्या, मुलांसाठी एक प्रदर्शन केलं. नातेवाईक विचारतात, नक्की काय करतेस? मी त्या वेळी हातात असेल ते काम सांगते.

सध्या नव्यानं टॉवर उभे राहिलेल्या माण गावात लोक पत्ता कसा सांगतात ते रेकॉर्ड करतेय. नवे रहिवासी टॉवरचं नाव सांगतात. गावातल्या दोघी जणी म्हणाल्या, “जांभळीपासनं आत वळ.” तिथं आता जांभळीचं झाड नाही, पार्किंग आहे.

“पण जांभळी नक्की कुठं होती?” मी विचारलं.

एकीनं गेटकडं बोट दाखवलं, दुसरीनं ट्रान्सफॉर्मरकडं. मग दोघी भांडत भांडत जागा दाखवायला निघाल्या आणि मी रेकॉर्डर चालू ठेवून त्यांच्या मागं.