काळ्या कागदाचे दोनशे चौकोन

"पाकीट नंबरानंच फुटेल, मग ते माझ्या घरच्या पोराचं का असेना," असं ती एकदा वॉर्डात म्हणाली होती. तेव्हा सगळ्या हसल्या होत्या.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात ती सत्तावीस वर्षं होती, त्यातली नऊ मुख्य परिचारिका म्हणून. समोर सगळे ताई म्हणत, पाठीमागे 'काटा'. बाळाचं वजन करताना सलाइनच्या सुईवरच्या चिकटपट्टीचं वजनसुद्धा ती वजा करायची. लग्न केलं नाही. बहीण गेली तेव्हा तिची चार वर्षांची पोर घरी आणली आणि पोटच्या लेकीसारखी वाढवली.

त्या वर्षी मोठ्या डॉक्टरांनी एक अभ्यास काढला. अशा बाळांची आतडी कधीकधी सडायला लागतात. पोट टम्म फुगतं आणि दोन दिवसांत खेळ आटोपतो. त्यावर नवे थेंब आले होते. कामाचे की निकामी, कुणालाच ठाऊक नव्हतं. आईबापांची सही घ्यायची, ओळीनं पुढचं बंद पाकीट फोडायचं आणि चिठ्ठीत असेल तसं करायचं: 'थेंब' किंवा 'नेहमीचे उपचार'.

पाकिटं पातळ होती. ट्यूबलाइटसमोर धरली की आतलं वाचता येई. हाताखालच्या मुली पाकिटं मागेपुढे करू लागल्या. जी आई जास्त रडली, तिच्या बाळाला थेंब. चोरी पकडली ती तिनंच.

"अगं, अशानं शेवटी कळणार काय? थेंब चांगले, की तुमची दया चांगली?"

उपायही तिचाच. एक्स-रेच्या फिल्म काळ्या जाड कागदात गुंडाळून येत. तो कागद ती घरी घेऊन आली आणि सुट्टीच्या दुपारी भाचीला घेऊन बसली. दोघींनी जमिनीवर बसून दोनशे चौकोन कापले, चिठ्ठीपुढं घालायला पाकिटागणिक एक. पाकिटं नव्यानं भरली आणि अभ्यास पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. भाचीला चौथा महिना होता.

"मावशी, एखादा तरी वाकडा कापून दाखव की गं!"

"तू आहेस ना त्याला."

सातवा लागतो न लागतो तोच भाचीला कळा आल्या. मुलगी झाली, नऊशे चाळीस ग्रॅम. काचेच्या पेटीत तिची छाती पाखरासारखी धडधडत होती. संमतीचा कागद आला तेव्हा भाची म्हणाली, "तू सांगशील तिथं सही करते." मावशीनं बोट ठेवून जागा दाखवली.

पाकीट एक्केचाळिसावं होतं. हाताखालची मुलगी जवळ सरकली.

"ताई, बेचाळिसावंही फोडू. दोन्हींतलं बरं ते आपलं. कुणाच्या बापाला कळतंय?"

"कात्री दे."

काळ्या चौकोनामागून चिठ्ठी निघाली. नेहमीचे उपचार.

अकराव्या दिवशी बाळाचं पोट चकाकायला लागलं, नळीतून हिरवं पाणी आलं. तेराव्या दिवशी पेटी रिकामी झाली. ती धुऊन पुसायचं काम तिनं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

महिन्याभरानं भाचीनं बॅग भरली. दारात थांबून विचारलं, "थेंबांची बाटली कुठं असायची?"

"फ्रीजमध्ये. वरच्या कप्प्यात."

"पेटीपासून किती लांब?"

"सहा पावलं." मावशी पुढं म्हणाली, "तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं गं, ते कामाचे की नाही."

"मग कळू दे. निकाल लागला की सांग. त्यावर ठरवीन, मावशी म्हणायचं की नाही."

त्या दिवसापासून थेंब निकामी ठरावेत म्हणून ती मनातल्या मनात देवाला साकडं घालू लागली. थेंब मिळालेलं एखादं बाळ घरी निघालं की ती त्याचं टोपडं नीट करून द्यायची, आईशी हसायची, आणि पाठ वळताच मनात थेंबांच्या बाजूला एक रेघ वाढवायची. थेंब मिळालेल्याच एका बाळाचं पोट फुगलं तेव्हा दोन दिवस ती त्याच्यापाशी पाय रोवून उभी राहिली, वाचवलं त्याला. पण ते फुगलेलं पोट पहिल्यांदा हाताला लागलं, त्या क्षणी तिला हायसं वाटलं होतं. ते तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही.

दीड वर्षानं निकाल वाचायचा दिवस आला. दुपारी तीनला सभागृहात सगळा वॉर्ड जमला. मोठे डॉक्टर आकडे सांगू लागले. थेंब मिळालेल्या शंभरांतली चार बाळं दगावली. न मिळालेल्या शंभरांतली अकरा.

"उद्यापासून या वॉर्डातल्या प्रत्येक बाळाला थेंब मिळतील," ते म्हणाले. टाळ्या थांबेनात. "आणि या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो तो एका काळ्या कागदामुळं. ताईंनी पाकीट कधी पुढंमागं होऊ दिलं नाही. स्वतःच्या घरचं बाळ असतानासुद्धा. ताई, या, दोन शब्द बोला."

अकरा, तिच्या मनात आलं. त्यातलं एक नऊशे चाळीस ग्रॅमचं.

ती उठली. खुर्च्यांमधल्या वाटेवर सगळ्यांनी पाय आत घेतले, तिला पुढं जाऊ द्यायला. ती मागं वळली, दार ढकललं आणि बाहेर निघून गेली.