शून्य टक्क्यांचा प्रबंध

आमच्या नाशिक रोडच्या कॉलेजातल्या ग्रंथपाल मॅडमचं ऋण माझ्यावर सगळ्यात मोठं आहे. त्या नसत्या तर येवल्यातल्या आमच्या विणकराच्या घरात पीएच.डी. आलीच नसती.

प्रबंधाची शेवटची मुदतवाढ त्याच आठवड्यात संपत होती. त्यानंतर नोंदणी रद्द. प्रबंध जमा करायला वाङ्मयचौर्य तपासणीचा अहवाल लागतो आणि तो ग्रंथालय देतं. माझा अहवाल आला, साम्य शून्य टक्के. मी पेढे आणायला निघालो.

"बसा खाली," मॅडम म्हणाल्या. "शून्य कुणाचंच येत नसतं. निदान संदर्भग्रंथांची नावं तरी जुळतात. मशीनला तुमचं एक अक्षर वाचता आलेलं नाही."

त्यांनी फाइलमधला मजकूर उघडून दाखवला. सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. मी प्रबंध कॉलेजसमोरच्या टायपिंगवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये करून घेतला होता. आमच्याकडे मराठीचे बहुतेक जण तसंच करतात. कागदावर सुंदर मराठी उमटते, पण संगणकाला ती मराठी वाटतच नाही. सगळं संगणकाला वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये आणायला हवं होतं.

मॅडमनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. ही त्यांची पद्धत. माउसला हात लावायच्या नाहीत.

"मॅडम, तुम्हीच करा ना, पटकन होईल."

"होईल. आणि पुढच्या वेळी पुन्हा याल. फाइलची प्रत काढा आधी. मूळ फाइलला धक्का नाही लावायचा."

मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला. प्रकरणं स्वच्छ झाली, पण शेवटच्या परिशिष्टातल्या विणकरांच्या मुलाखती तशाच अगम्य राहिल्या. माझा धीर सुटला.

"परिशिष्ट काढूनच टाकतो."

"त्यात कोण कोण आहे?"

"आमच्या गल्लीतले विणकर. पहिली मुलाखत वडिलांची."

"मग वडिलांना काढता? शाब्बास!" त्यांनी छापील प्रत माझ्यापुढे ठेवली. "टायपिंगवाल्याने मुलाखतींना वेगळा फॉन्ट वापरलाय. पडद्यावर कुठलं चिन्ह यातल्या कुठल्या अक्षराच्या जागी आलंय ते ताडून बघा. एकदा जुळवलंत की संगणक सगळीकडे बदलेल."

दुपारभर आम्ही तेच केलं. मध्येच वडिलांचा फोन आला.

"झालं का रे जमा?"

"नाही आण्णा. मशीनला आपलं मराठी वाचता येईना."

"मंग शिकव की त्याला!"

मॅडम खळखळून हसल्या. "तेच चाललंय म्हणावं."

संध्याकाळी नवा अहवाल आला. साम्य होतं, मर्यादेत होतं. मुदतीच्या आत प्रबंध जमा झाला.

पुढे मला वणीच्या बाजूला कॉलेजात नोकरी लागली. तिथून मी मॅडमना हे पत्र पाठवलं:

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

काल एक विद्यार्थिनी उड्या मारत आली. "सर, शून्य टक्के!" मी म्हटलं, बसा खाली. तिचाही तोच जुना फॉन्ट. तिला खुर्ची दिली आणि मी मागे हात बांधून उभा राहिलो. फार अवघड असतं हो ते, मॅडम. दोनदा माझा हात माउसकडे गेला, दोनदा मागे घेतला. शेवटी तिचं तिने केलं.

आण्णांची मुलाखत आता विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधली की सापडते. गल्लीतल्या प्रत्येकाला ते फोनवर दाखवतात. एकदा येवल्याला या, तुम्हालाही दाखवतील.

आपला विद्यार्थी