लुटुपुटूच्या लढाईवरचा डाग

मधुमती गुप्ते १९८४ मध्ये कार्डिफमधल्या एका छोट्या संग्रहालयात कामाला लागली. नवरा पद्माकर तिथल्याच हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ. तिचं काम जुनी एचिंग्ज, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर अॅसिडनं कोरून छापलेली चित्रं, फ्रेममध्ये बसवण्याचं. कागद उघड्या हातांनीच धरायचा, पण हात धुऊन, हा तिथला नियम.

पुढच्या जानेवारीत राजदरबारी उत्सवांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, लंचच्या सुट्टीत, ती जवळच राहणाऱ्या मैत्रिणीकडे, अनुराधाकडे, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेली. अनुराधानं तिला लावलं, तिनं अनुराधाला.

"लगेच निघालीस? कोण खोळंबलंय?"

"ड्यूक. लग्न आहे त्याचं."

"मग तिळगूळ ने त्याला. गोड बोलेल."

परत येऊन तिनं हात धुतले आणि पहिलं चित्र उचललं. ड्यूकच्या लग्नातली लुटुपुटूची लढाई: लाकडी भाले, पिसांचे तुरे, चाकांवरचा देवमासा. ते खाली ठेवलं तेव्हा कडेला पिवळं बोट उमटलं होतं. नखाच्या कडेला हळद राहिली होती.

कागद साडेतीनशे वर्षांचा आणि तिची नोकरी अजून कायम व्हायची होती. तिनं साबणाच्या ओल्या कापसानं डाग टिपला. तो लालभडक झाला. हळदीला साबण लागला की काय होतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. त्या क्षणी सुचलं नाही.

तिनं हॉस्पिटलमध्ये पद्माकरला फोन लावला. "अहो, माझ्या हातून चित्र खराब झालंय."

"पेशंट जिवंत आहे ना?"

"चेष्टा नको. पुसायला गेले तर आणखी बिघडलं."

"मग आता त्याला हात लावू नकोस. साहेबीणबाईंना बोलाव."

चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली डाग बरोबर झाकला जात होता. तिनं ठेवूनही पाहिलं. पण साबण आत राहिला तर कागद कुजणार होता. ती संग्रहालयाच्या प्रमुख मिस प्रॉसर यांच्या दारापाशी गेली आणि बऱ्याच वेळानं टकटक केली.

मिस प्रॉसरनी चित्र पाहिलं. "रक्त आहे?"

"हळद."

"जेवताना लागली?"

"नाही. कपाळाला लावतात."

बाई तिच्या कपाळाकडे बघत राहिल्या. "आणखी कशाला हात लावलास?"

"कशालाच नाही." बोलताना तिला स्वतःचीच खात्री वाटेना. दोघींनी खोलीतला एकेक कागद उजेडात धरून तपासला. आणखी डाग सापडला नाही.

प्रदर्शन त्या चित्राविना उघडलं. लंडनच्या तज्ज्ञानं डाग फिका केला, पुरता गेला नाही. मधुमतीची नोकरी कायम व्हायला आणखी एक वर्ष लागलं. पुढच्या संक्रांतीला बोलावणं आलं, तरी हळदीच्या धास्तीनं ती अनुराधाकडे गेली नाही. अनुराधानंही पुन्हा बोलावलं नाही.