सिंदी मेघेच्या शेतातलं काळं मडकं

रखमामावशीचं नाव आधी घेतो. तिनं त्या दिवशी मला तिच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसू दिलं नसतं, तर पुढचं काही घडलंच नसतं.

वर्धा स्टेशनात कलकत्त्याची गाडी लागली तेव्हा पोचवायला एकटे बाबा होते, तळेगावहून आलेले. "रंगानं पोट भरते काय रे?" हे त्यांचं नेहमीचं. तेव्हाही तेच म्हणाले, अन् भाकरीचं फडकं खिडकीतून आत दिलं. रंगांचा डबा मी मांडीवरच धरून बसलो. तो हरवला तर आपण परत तळेगावात, एवढंच डोक्यात होतं.

शाळा पाचवीतच सुटली होती. वर्ध्यात देवीदास पेंटरांकडे मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. कलकत्त्याच्या एका फोटो स्टुडिओला मागचे पडदे रंगवणारा माणूस हवा होता. पेंटर म्हणाले, "उघड्यावर बसून एक शेत काढ. तेच नमुना म्हणून धाडू. नाई जमलं तर गावी जाजो."

म्हणून वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेला गेलो. कापूस फुटला होता. पेंटरांनी शिकवल्याप्रमाणे एक डोळा मिटून, पेन्सिल लांब धरून झाडांची उंची पाहत होतो, तोच मावशीचा दीर काठी घेऊन आला.

"काय मोजून राह्यला बे? पटवाऱ्याचा माणूस होय काय?"

कापूस वेचणं सोडून मावशी आली. माझ्या हाताकडे पाहून दिराला म्हणाली, "पटवारी कधी असा थरथरते काय? तो आपल्यालेच थरथरवते. बसू दे त्याले."

मग कागदाकडे वळली. "मडकं काऊन नाई काढलं? एवढा कापूस उघडाच ठेवला! नजर लागन ना माह्या पिकाले."

शेताच्या मधोमध काठीवर काजळी फासलेलं मडकं होतं. चित्र बिघडेल म्हणून मी ते गाळलं होतं. तिच्या धाकानं काढलं. तोवर पाटीसारखं सपाट दिसणारं शेत त्या काळ्या ठिपक्याच्या मागं लांबवर पसरलं. वर्ध्याला परतल्यावर पेंटरांनी कागद दूर धरून पाहिला. "आता यात चालत जाता येते," म्हणाले.

मावशी म्हणाली होती, "मले दे ते." पण कागद एकच होता, तो कलकत्त्याला गेला, अन् त्याच्या मागून मीही.

इथं स्टुडिओत लोक माझ्या पडद्यावरच्या शेतापुढं खुर्चीत बसून फोटो काढतात. मालकांनी एकदा मडक्याकडे बोट दाखवून विचारलं, "ओटा की?" ते काय आहे, म्हणून. नजरेसाठी, असं मी सांगितलं. नजर इथंही लागते, त्यामुळे मडकं राहिलं. उद्या हे लोक मला जा म्हणतील, ही धास्ती मात्र अजून जात नाही. तशा वेळी पडद्यासमोर उभा राहतो. गाव म्हटलं की आता बाबांच्या घराआधी तो काळा ठिपकाच डोळ्यापुढं येतो.

मावशी, तुझं शेत मी पुन्हा काढीन अन् स्वतः आणून देईन. मडकं आधी काढीन, कापूस मग.