नळी कुणी कापली?

सावकाला ‘आता या वयात कशाला?’ असं कुणी विचारलं की तिचं डोकं फिरतं. पासष्टीची बाई, एकटी राहते, सरपण स्वतः फोडते आणि कुणाच्या बापाला भीत नाही. त्या वर्षी आलुबुखार झाडून झाल्यावर ती भावाच्या घरी गेली आणि माळ्यावरची जुनी बंदूक खाली काढली, तेव्हा भाऊ रादोश नेमकं तेच बोलला.

“सावके, आता या वयात कशाला? भंगार झालंय ते.”

“भंगार कुणी केलं, दादा?”

रादोशनं राकियाचा, म्हणजे आलुबुखाराच्या दारूचा, पेला उचलला आणि खिडकीबाहेर बघत बसला. हा प्रश्न आला की त्याला खिडकीबाहेर नेहमी काहीतरी दिसतंच.

बंदूक त्यांच्या आजोबांची, तानासियेची. पहिल्या महायुद्धात आमची फौज माघार घेत बर्फातून आल्बानियाचे डोंगर तुडवत गेली तेव्हा ती त्याच्या खांद्यावर होती. गावातले तिघे दोस्त वाटेत बर्फातच राहिले. तानासियेनं नळीखालच्या लाकडावर चाकूनं तीन क्रूस कोरले आणि पुढे चालत राहिला. परत आला, लग्न ठरलं, तेव्हा ह्याच बंदुकीनं त्यानं सफरचंद पाडलं. आमच्याकडे मुलीचे लोक अंगणातल्या सगळ्यात उंच झाडाच्या शेंड्याला सफरचंद टांगतात; वरपक्षानं ते गोळीनं पाडल्याशिवाय नवरी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. तानासियेनं ते एका गोळीत पाडलं. सावकाच्या बापाला, मिलिसावला, दोन झाडाव्या लागल्या, आणि पहिली का हुकली याची सबब तो मरेपर्यंत सांगत होता.

हा मिलिसाव बंदुकांची लाकडं घडवायचा. मुलाच्या अंगात धीर नव्हता, म्हणून त्यानं विद्या मुलीला दिली. तो गेला आणि रादोशच्या डोक्यात शिकारीचं खूळ शिरलं. फौजेची लांब बंदूक म्हणे झुडपात अडकते! त्याला शहरातल्या मित्रांसारखी आखूड, चकचकीत हवी होती. सावका तेव्हा चोवीस वर्षांची. घरात भावाचा शब्द चालायचा, तिनं नळीखालचं पुढचं लाकूड मुकाट कापून दिलं. नळीला मात्र हात लावायला साफ नकार दिला.

“नळीचं तोंड केसभर तिरकं झालं तरी गोळी वाट्टेल तिकडे जाईल,” ती म्हणाली. “हे लेथवरचं काम आहे, दादा. थांब जरा.”

थांबेल तो रादोश कसला! गोठ्यामागे शिकंज्यात धरून त्यानं साध्या करवतीनं नळी कापली. वर दुर्बिणीसाठी तीन भोकं पाडली, दस्त्याला मागून रबर ठोकलं, आणि अक्रोडाच्या त्या देखण्या लाकडाला होडीचं पिवळं वॉर्निश फासलं. तानासिये थडग्यातून उठून आला असता तरी त्यानं ती ओळखली नसती.

पुढच्या वसंतात रादोशचं लग्न झालं. सत्तावीस गोळ्या झाडल्या पठ्ठ्यानं! सफरचंद आपलं मजेत डोलतंय. वाजंत्री वाजवून दमले, सूप निवलं, शेवटी नवरदेवाचा एक मित्र झाडावर चढला आणि त्याची विजार मागून टर्रकन उसवली. अंगणभर खिदळणं सुरू झालं. तेव्हा रादोश तोंड लपवायला बोलून गेला, “माझा काय दोष? बहिणीनं कापली नळी. बाईचा हात!”

एवढंच बोलला. पण त्या दिवसानंतर सावकाकडे एकही बंदूक आली नाही. तिनं एक-दोनदा खरं सांगून पाहिलं, तर लोक म्हणाले, आता असंच म्हणणार ना! मग तिनं तोंड मिटलं. एक्केचाळीस वर्षं कुदळींचे दांडे आणि लाकडी चमचे केले. विसरली मात्र नाही, आणि का विसरावं? विद्या बापाची, नाव बापाचं, आणि त्यावर डाग दुसऱ्याच्याच हाताचा.

आता रादोशच्या नातवाचं, उग्लेशाचं लग्न ठरलं होतं. सावकानं मनाशी पक्कं केलं की सफरचंद पडेल तर ह्याच बंदुकीनं, आणि नळी कुणी कापली ते त्याच अंगणात, सगळ्यांसमोर ठरेल.

“नळी मिळेलही जुनी,” रादोश खिजवायला लागला. “कापलेलं लाकूड कुठून आणशील?”

“चल, दाखवते.”

ती त्याला आपल्या भट्टीच्या खोपटात घेऊन गेली. तांब्याच्या नळीतून ठिबकणारी राकिया एका काळ्या पडलेल्या लाकडी पन्हळीवरून बरणीत उतरत होती. सावकानं ती पन्हळ ओढून काढली आणि उलटी केली. खालच्या बाजूला तीन क्रूस होते.

“फेकायला निघाला होतास तू. एक्केचाळीस वर्षं ह्याच्यावरून वाहिलेली पितोयस, दादा.”

रादोशनं छातीवर क्रुसाची खूण केली. त्या दिवशी त्याला राकिया गेली नाही, आणि ही त्याच्या बाबतीत साधी गोष्ट नव्हे.

सावकानं आधी ते पिवळं वॉर्निश खरवडलं, एकेका पट्टीला रादोशचं नाव घेत. रबर उपटलं. दबलेल्या जागी ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री फिरवली, तसं लाकूड फुगून वर आलं. तालुक्याच्या परवानाधारक कारागिरानं त्याच जातीच्या बंदुकीची पुऱ्या लांबीची नळी बसवली, भोकं बुजवली, कागदांवर शिक्के मारून दिले. मग आला सांधा. तिनं दोन्ही टोकांना पायरीसारखी खाच पाडून लाकडं जोडली, सरस लावला, आवळून बांधली. सकाळी बघते तर सांधा उघडा! इतकी वर्षं राकिया प्यायलेलं लाकूड सरस धरतंय कशाला?

“तर्र झालायस मेल्या,” ती त्याला म्हणाली, आणि सगळा हिवाळा त्याला चुलीवर टांगून ठेवलं. मार्चमध्ये पुन्हा जोडलं, आलुबुखाराच्या लाकडाच्या दोन खुंट्या ठोकल्या. सांध्यावर लोखंडी कडं बसलं. शेवटी जवसाचं तेल तळहातानं चोळलं, रोज थोडं, तीन आठवडे. गावच्या चांदमारीवर पाच गोळ्या झाडून पाहिल्या, आणि पाची भोकं एका बशीखाली झाकली जातील इतकी जवळ पडली. घरी येऊन ती एकटीच बसून रडली. रागानंच.

मे महिन्यात वरात नवरीच्या अंगणात पोचली. नवरीचा आजोबा क्रस्मान रादोशच्या लग्नातही हसायला हजर होता. ह्या वेळी त्यानं सफरचंद मुद्दाम लहान निवडलं होतं. मागे डोंगराचा कडा, वर निळं आभाळ.

“ही तीच ना, सावकानं कापलेली?” क्रस्मान ओरडला. “शिडी आत्ताच आणू का?”

अंगण हसलं. घरातला थोरला म्हणून बंदूक रादोशच्या हातात होती. त्यानं मागे न बघताच हात पसरला. “गोळी दे.”

गोळ्या सावकाच्या झग्याच्या खिशात होत्या. तिनं खिशावर हात ठेवला.

“आधी सांग, करवत कुणाच्या हातात होती.”

“सावके, लोक बघतायत.”

“तेव्हाही बघत होते.”

वाजंत्री थांबले. उग्लेशाचा चेहरा पांढरा पडला. खिडकीतून नवरी ओरडली, “सांगून टाका हो आजोबा, सकाळपासून उपाशी उभी आहे मी!”

“मीच,” रादोश पुटपुटला.

“ऐकू नाही आलं.”

“मी कापली!” त्यानं मान वर केली. “गोठ्यामागे. ती नको नको म्हणत होती. आणि खोटंही मीच बोललो. झालं समाधान?”

“नाही,” सावका म्हणाली आणि त्याच्या हातातून बंदूक काढून घेतली.

“अहो, बाईनं झाडायचा रिवाज नाही आपल्यात!” क्रस्मान पुढे आला.

“बाजूला हो. टोपी उडेल.”

तिनं गोळी भरली, बापानं शिकवलं तसा गाल अक्रोडाला टेकवला. डाव्या हाताच्या बोटांखाली तीन क्रूस लागले. एकच आवाज झाला. सफरचंदाच्या चिंधड्या क्रस्मानच्या खांद्यावर पडल्या.

क्रस्माननं खांदा झटकला. “वाऱ्यानं समोर आणून दिलं. बाईचा हात, एखाद्या वेळी लागतं.”

सावकानं बंदुकीचा बोल्ट मागे ओढला, रिकामी पुंगळी पायाशी पडली. “टांग दुसरं.”

क्रस्माननं हसत रादोशकडे पाहिलं, आवर हिला, अशा नजरेनं.

“माझ्याकडे काय बघतोस?” रादोश त्याच्यावर खेकसला. “ती टांग म्हणतेय ना, टांग! आणि आणखी लहान बघून टांग.”