शेजार कोरा ठेवायचा

आमच्या ह्यांना कामावर सगळे मिलिमीटर म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि ह्यांना त्याचं काही वाटत नाही, उलट मिशीतल्या मिशीत हसतात. धंदा मॉडेलं बनवायचा. इमारत बांधायच्या आधी आर्किटेक्ट लोक ती टेबलावर मांडून दाखवतात ना, पुठ्ठ्याची, फोमची, इवली इवली झाडं लावलेली, ती. तीस वर्षं हेच चाललंय. घरात तसबीर केसभर तिरकी झाली तरी ह्यांना दिसते. बायकोचं डोकं फिरलंय हे दिसायला मात्र दोन दिवस लागतात.

पायाला भिंगरी आहे ह्यांच्या. जेवताना गुडघा हलतो, फोनवर बोलताना खोलीला फेऱ्या. पण हातात ब्लेड आलं की असे स्थिर होतात की नाकावर माशी बसली तरी कळणार नाही. म्हणून तर मला संशय आला. एकदा सलग तीन आठवडे ब्लेड हातात असतानाही ह्यांचा पाय हलत होता.

"काय झालंय?" मी विचारलं.

"कुठं काय?"

"कुठं काय म्हणणाऱ्या माणसानं आत्ता मोजपट्टीनं चहा ढवळलाय."

मग बाहेर आलं. भर शहरात, मोठ्या चौकाच्या मागे रिकामा प्लॉट आहे, तिथे बेचाळीस मजली टॉवर यायचाय. फ्लॅट, वर बाग, पोहायचा तलाव, सगळा थाट. शहराच्या समितीपुढे डिझाइन जाणार होतं आणि मॉडेल ह्यांच्याकडे आलं होतं. खालचे आठ मजले नुसतं पार्किंग. म्हणजे गल्लीच्या बाजूला आठ मजले सपाट भिंत. आणि गल्लीच्या पलीकडे, चार मजली जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, माझी नणंद.

नणंद म्हणजे ह्यांची मोठी बहीण. आई गेली तेव्हा हे नऊ वर्षांचे, ताई सतराच्या. त्यांनीच ह्यांना वाढवलं, रफू करून. कोटाला कसर लागलेली असो, पँटला सिगारेटचं भोक असो, ताई त्याच कापडातला धागा काढून असं भरतात की नंतर भोक कुठं होतं ते मालकालाही सापडत नाही. चाळीस वर्षं एकाच खिडकीत बसून पाठीला बाक आला. दिव्याखाली काम करत नाहीत. ट्यूबलाइटखाली काळा आणि गडद निळा एकच दिसतो म्हणतात, आणि रफूत तिथेच सगळं फसतं. ती खिडकी म्हणजे त्यांचं दुकान. भिंत आली की दुकान बंद.

"मग काम घेतलंत कशाला?" मी भडकलेच.

"मी नाही केलं तर दुसरा करेल."

"आणि ताईंना काय सांगणार आहात?"

ह्यांनी मोजपट्टी पुसली, पेटीत ठेवली, परत काढली. सांगणार काहीच नव्हते. मूग गिळून बसणार होते. मला इतका राग आला की मी चपला घातल्या आणि सरळ ताईंकडे गेले. पोटात ठेवायचा माझा स्वभाव नाही, हे सगळ्या नात्यात माहीत आहे.

ताईंनी ऐकलं. सुई खाली ठेवली नाही. मला वाटलं आता रडतील, नाहीतर भावाचा उद्धार करतील. तर म्हणाल्या, "सगळ्या समितीपुढे मांडणार? त्याचं काम? अगं, मला ते कधी बघायलाच मिळालं नाही. मी येते."

त्यांना सुनावणीची नोटीस आधीच आली होती. शेजाऱ्यांना तीन-तीन मिनिटं बोलता येतं म्हणे. ताईंच्या डोक्यात बोलण्याचं काहीच नव्हतं, भावाचं कौतुक बघायला निघाल्या होत्या बाई! घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, तर रात्रीच्या पानावरून उठून गच्चीत चकरा मारायला लागले.

सुनावणी सकाळी अकराला. सभागृह कसलं, लांबडी खोली, छताला पांढरे दिवे, आणि मधल्या टेबलावर मॉडेल. खरं सांगते, देखणं झालं होतं. टॉवर काचेसारखा अ‍ॅक्रिलिकचा, प्रत्येक मजल्याला खिडक्या, वरच्या बागेत झाडं. आजूबाजूच्या इमारती मात्र नुसते पांढरे खोके. तो ह्यांच्या धंद्यातला रिवाजच आहे. नव्या इमारतीला सगळा साज, शेजार कोरा ठेवायचा, म्हणजे नजर इकडेतिकडे जात नाही.

समितीतले पाचही जण टेबलाभोवती उभे राहून वरून बघत होते. आर्किटेक्ट गोड आवाजात समजावत होता, प्रमाण काय, आकाशरेषा काय, सडपातळ काय. वरून बघितलं तर होताच सडपातळ. अध्यक्षबाई मान डोलावत होत्या. हे कोपऱ्यात उभे, गुडघा हलतोय, हात खिशात, खिशात ब्लेडची डबी खुळखुळतेय. मी डोळे वटारले, तरी खुळखुळ चालूच.

मग शेजाऱ्यांची पाळी आली आणि ताईंचं नाव पुकारलं. ताई काठी टेकत टेबलाशी गेल्या. पाठीला बाक, त्यामुळे त्यांचे डोळे बरोबर टेबलाच्या काठाला आले. त्या वरून बघूच शकत नव्हत्या. गल्लीतून बघावं तशा त्या मॉडेलकडे बघत राहिल्या. पांढऱ्या खोक्यांवरून बोट फिरवत एका खोक्यापाशी थांबल्या.

"हे आमचं घर ना रे?" त्यांनी ह्यांनाच विचारलं, समितीला नाही.

"हो ताई."

"उंची अगदी बरोबर आहे हो. तो गच्चीचा तिरका कठडासुद्धा केलास." मग म्हणाल्या, "पण मला खिडकी नाही ठेवलीस?"

तक्रार नव्हती त्या आवाजात. धाग्याचा रंग जरा चुकला की गिऱ्हाइकाला सांगतात तसं सांगितलं. ह्यांचा चेहरा मी बघितला आणि माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. त्याच खिडकीत ताईंच्या मांडीशी बसून ह्यांनी पहिलं खोकं कापलं होतं, काडेपेटीचं. आणि हाताच्या सवयीनं तीच भिंत कोरी सोडली होती. मिलिमीटर म्हणे!

हे पुढे आले. आर्किटेक्ट "अहो, अहो" म्हणतोय तोवर ह्यांनी खोकं उचललं, ब्लेड काढलं. आणि पहिल्यांदा, तीन आठवड्यांत पहिल्यांदा, ह्यांचा पाय थांबला. तिसऱ्या मजल्यावर नखाएवढी खिडकी कापली. खोक्याची मागची भिंत सोलून टाकली. परत जागेवर ठेवलं आणि अध्यक्षबाईंना म्हणाले, "मॅडम, इथून बघा. जरा वाकावं लागेल."

बाई जाडजूड होत्या, तरी वाकल्या. एक डोळा मिटून त्या भोकातून बघितलं. बराच वेळ.

"काय दिसतं?" दुसऱ्यानं विचारलं.

"काही नाही. भिंत."

मग एकेक करून पाचही जण वाकले. त्यातला एक वयस्कर इंजिनियर वाकला तो लवकर उठेना, त्याला दोघांनी धरून उठवलं. कुणी हसलं नाही. ताईंची तीन मिनिटं केव्हाच संपली होती आणि घंटी वाजवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

डिझाइन परत पाठवलं. पार्किंगचे चार मजले जमिनीखाली घाला, उरलेली भिंत गल्लीपासून मागे घ्या, असा शेरा. टॉवर रद्द वगैरे काही झाला नाही, तसं होतही नाही. आणि त्या आर्किटेक्टनं ह्यांना पुन्हा दारात उभं केलं नाही. नवं मॉडेल दुसऱ्यानं केलं. त्यातही शेजारच्या खोक्यांत खिडक्या कुणालाच नव्हत्या.

ह्यांना काही चैन पडेना. नव्या नकाशावरून घरीच खोकी कापली, दिवा हातात धरून सूर्यासारखा फिरवत बसले चार दिवस. कधी मला दिवा धरायला लावायचे, वर माझाच हात हलतो म्हणून ओरडायचे. शेवटी हिशेब लागला. ताईंच्या खिडकीत दुपारी दोनपर्यंत उजेड राहणार. आजवर संध्याकाळी सहापर्यंत असायचा.

आम्ही दोघं सांगायला गेलो. ताई खिडकीत, मांडीवर कुणाचातरी गडद निळा कोट. हे उभ्याउभ्याच, जमिनीकडे बघत म्हणाले, "दोनपर्यंतच गं ताई. मला एवढंच जमलं."

ताईंनी धागा उजेडाकडे धरला, सुईत ओवला.

"दोनपर्यंत पुष्कळ झाला की रे. जेवण झालं की मला जरा आडवं पडायला लागतंच. नाहीतरी दोननंतर मी कुठे काम करते?"

ह्यांचा जीव भांड्यात पडला. खरंच पडला, खुर्ची ओढून बसले आणि गुडघा हलला नाही. मी ताईंकडे बघितलं, त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प बसवलं, आणि आयुष्यात एकदा मी गप्प बसले. तीस वर्षं मी त्या घरात जातेयेते. ताईंना दुपारी आडवं पडलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही.